विश्लेषण : व्हॅन गॉगने आपली बेडरूम तीनदा का रंगवली?

अक्कलकुवा : मोबाइलवर बघून चित्र शिकायचे तर ‘आर्लमधील बेडरूम’ सोपे वाटते. एक पलंग, दोन खुर्च्या, एक खिडकी. अक्कलकुव्यात बदलीवर आलेल्या शिक्षकाच्या भाड्याच्या खोलीतही साधारण एवढेच सामान असते. मात्र खुद्द चित्रकारालाच हे चित्र पुन्हा काढावे लागले होते.

शिकला कसा?
व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा जन्म ३० मार्च १८५३चा, नेदरलँड्समधला. सोळाव्या वर्षी चित्रविक्रेत्याकडे नोकरी, नंतर शिक्षकी, पुस्तकाचे दुकान, बेल्जियमच्या कोळसा खाणींत धर्मप्रचार. काहीच टिकले नाही. चित्रकार व्हायचे ठरवले ते १८८०मध्ये, २७व्या वर्षी. (भरतीच्या जाहिरातीची वाट बघणाऱ्या आम्हा पदवीधरांना हे वय ओळखीचे आहे.) शार्ल बार्गच्या सरावसंचातील रेखाटने त्याने पुन्हा पुन्हा गिरवली, मिलेचे शेतकरी उतरवले. खर्च धाकटा भाऊ थिओ उचलत होता.

तीच खोली पुन्हा का?
आर्लच्या पिवळ्या घरातली ही खोली त्याने ऑक्टोबर १८८८मध्ये रंगवली. डिसेंबरमध्ये गोगँशी वाद झाला आणि त्याने स्वतःचा कान कापला. तो रुग्णालयात असताना नदीला पूर आला, ओल धरून चित्र खराब झाले. दुरुस्तीआधी एक प्रत करून ठेव, असे थिओने सुचवले. सप्टेंबर १८८९मध्ये सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात त्याने तेवढ्याच मापाची प्रत केली, शिवाय आई आणि बहिणीसाठी एक लहान. आज पहिले चित्र ॲमस्टरडॅमला, दुसरे शिकागोत, तिसरे पॅरिसमध्ये आहे. भिंतीवरच्या तसबिरी मात्र तिन्हींत सारख्या नाहीत.

नक्कल करणारा कुठे फसतो?
मागची भिंत तिरकी दिसते. इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकलेला माणूस पट्टी घेऊन ती सरळ करायला जातो. पण त्या घराचा कोपराच तिरका होता. दुसरी फसगत रंगाची. आपण भिंती निळ्या रंगवतो; त्याने त्या फिकट जांभळ्या केल्या होत्या. त्यातला लाल रंग काळाबरोबर उडाला.

पुढे काय झाले?
जानेवारी १८९०मध्ये त्याने मिलेचे ‘पहिली पावले’ काढले. अंगणात बाप हात पसरून बसला आहे, आई बाळाला सोडते आहे. समोर होते फक्त कृष्णधवल छायाचित्र. रंग सगळे त्याचे. २९ जुलै १८९० रोजी, ३७व्या वर्षी तो गेला. सहा महिन्यांत थिओही गेला. मागे राहिलेली चित्रे जपून जगासमोर आणली ती थिओची पत्नी जो हिने.