कवट्यांची साक्ष

आम्हा रत्नागिरीकरांना इरावती कर्वे ठाऊक असतात त्या दापोलीजवळच्या मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांच्या सूनबाई आणि ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून. मला मात्र त्यांचे मोठेपण हाडांच्या अभ्यासात दिसते. देहातले मांस मातीला मिळते. कॅल्शियम-फॉस्फरसच्या क्षारांनी टणक झालेले हाड मागे उरते आणि साक्ष देते.

१९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या. गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजूंतला फरक ही श्रेष्ठ बुद्धीची खूण, अशी त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशाशी त्या फरकाचा संबंध दिसेना. परक्या देशात, पदवी गुरूच्या हाती असताना, त्यांनी तोच निष्कर्ष प्रबंधात मांडला. १९७० साली त्या गेल्या. आमच्या मुलींना सांगावा असा हा निर्भयपणा मात्र उरला आहे.