उशिरा सुरू झालेली विद्यार्थिदशा : मादाम क्यूरी

मादाम क्यूरींचे नाव ठाऊक नसलेला विद्यार्थी विरळाच. रेडियमचा शोध, दोन नोबेल पारितोषिके, किरणोत्सर्गाने पोखरलेली प्रकृती आणि अखेर त्यातच आलेला मृत्यू, इतके आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. परंतु त्या चरित्रातील एक भाग बहुधा दोन ओळींत आटोपला जातो. शाळा संपल्यापासून विद्यापीठाच्या बाकावर बसेपर्यंत त्यांची आठ वर्षे गेली. त्यानंतर परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्यापेक्षा लहान मुलांच्या शेजारी बसून त्यांनी गणित आणि पदार्थविज्ञान पायापासून पक्के केले. ज्याला काही कारणाने शिक्षण मध्येच थांबवावे लागले आहे, किंवा ज्याला आपण फार मागे पडलो असे वाटते, त्याने हा भाग जरा सावकाश वाचावा असा आहे.

मारी स्क्लोडोव्स्काचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा शहरी झाला. घरी तिला मान्या म्हणत. पोलंड हा देश त्या काळी नकाशावर उरला नव्हता. रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता आणि वॉर्सावर झारचा अंमल होता. सरकारी शाळांतून शिक्षण रशियन भाषेत चाले. मान्याचे वडील गणित व पदार्थविज्ञानाचे शिक्षक. रशियन वरिष्ठांच्या मर्जीतून उतरल्यामुळे त्यांची बढतीची जागा गेली, पगार घटला, आणि घर चालविण्यासाठी शिकाऊ मुले जेवूनखाऊन राहण्यास ठेवण्याची पाळी आली. त्यांपैकी एकाकडून टायफसची साथ घरात शिरली व थोरली बहीण झोफिया दगावली. त्यानंतर १८७८ साली क्षयाने आईही गेली. मान्या तेव्हा दहा वर्षांची होती.

अशा घरातली ही मुलगी १८८३ च्या जूनमध्ये सुवर्णपदक मिळवून शाळेतून बाहेर पडली. आपल्या आनंदीबाई जोशी याच वर्षी वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या होत्या. मान्याचे वय तेव्हा अवघे पंधरा. पण पुढे जायचे कोठे? वॉर्साच्या विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नव्हता. परदेशी जावे तर वडिलांजवळ पैसा नव्हता. तिच्याहून वडील असलेली बहीण ब्रोन्या हिला डॉक्टर व्हायचे होते, आणि तिच्याही वाटेत हीच भिंत उभी होती. शहरातील काही सुशिक्षित मंडळी सरकारच्या नजरेआड, जागा बदलत बदलत, तरुण मुलींसाठी व्याख्याने भरवीत असत. लोक त्याला फिरते विद्यापीठ म्हणत. दोघी बहिणी तेथे जात. पण अशा शिक्षणाला ना प्रयोगशाळा, ना पदवी.

अखेर दोघींनी मिळून एक करार केला. आधी ब्रोन्याने पॅरिसला जाऊन वैद्यकी शिकावी आणि मान्याने नोकरी करून तिला पैसे पाठवावेत. ब्रोन्या मार्गी लागली की तिने मान्याला बोलावून घ्यावे. त्याप्रमाणे ब्रोन्या पॅरिसला गेली, आणि १८८६ च्या जानेवारीत अठरा वर्षांची मान्या वॉर्साच्या उत्तरेकडील श्चुकी या खेड्यात झोराव्स्की नावाच्या कुटुंबाकडे मुलांची शिक्षिका म्हणून राहायला गेली. पगार वर्षाला पाचशे रुबल. त्यातला मोठा हिस्सा पॅरिसला जाई.

भोवती बिटाची शेते आणि साखरेचा कारखाना. दिवसभर मुलांना शिकवावे, आणि उरल्या वेळात घरच्या थोरल्या मुलीला हाताशी घेऊन गावातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना पोलिश लिहावाचायला शिकवावे, असा तिचा क्रम होता. हे दुसरे काम सरकारच्या दृष्टीने गुन्हा होता. उघडकीस आले असते तर शिक्षा झाली असती. रात्री घर झोपी गेले की ती स्वतःची पुस्तके उघडी. गंमत अशी की, त्या वेळी आपण शास्त्रज्ञ व्हावे असे तिचे निश्चित ठरलेले नव्हते. साहित्य आणि समाजशास्त्र यांची ओढ तिला विज्ञानाइतकीच होती. कला शाखेच्या आपणा विद्यार्थ्यांना हे वाचून बरे वाटेल! हळूहळू मन गणित व पदार्थविज्ञानाकडे वळले आणि तिने त्या दिशेने पद्धतशीर तयारी सुरू केली. शिक्षक मात्र जवळ कोणी नव्हता. ती गणिते सोडवून वडिलांना पत्राने पाठवी आणि वडील पत्रानेच चुका दाखवीत. एखादे उदाहरण अडले तर उत्तराची वाट पाहण्यात किती दिवस जात असतील, याची कल्पना करावी.

याच घरात तिच्या आयुष्यातले पहिले मोठे दुःख तिच्या वाट्याला आले. घरचा थोरला मुलगा काझिमिएझ वॉर्साला गणित शिकत होता. सुट्टीत तो घरी आला, दोघांचे प्रेम जमले, लग्नाचे ठरले. परंतु दुसऱ्याच्या घरी राबणारी निर्धन शिक्षिका सून म्हणून आणायला त्याचे आईवडील तयार झाले नाहीत, आणि त्यांचा विरोध मोडण्याचे बळ त्याच्यात नव्हते. अपमान गिळून मान्या त्याच घरात पुढेही शिकवीत राहिली, कारण ब्रोन्याला पैसे पाठवायचे होते. त्या काळात तिने स्वतःच्या शिक्षणाची आशा जवळजवळ सोडून दिली होती.

श्चुकीची नोकरी १८८९ मध्ये संपली. पुढच्या वर्षी ब्रोन्याचे पत्र आले. डॉ. द्लुस्की या पोलिश गृहस्थांशी तिचे लग्न ठरले होते, आणि मान्याने आता पॅरिसला येऊन आपल्याकडे राहावे असे तिने कळविले होते. कराराचा दुसरा भाग पुरा होण्याची वेळ आली होती. आणि मान्याने नकार दिला! थकलेल्या वडिलांना सोडून जाणे जिवावर येत होते, काझिमिएझची आशा सुटलेली नव्हती, आणि मुख्य म्हणजे आता आपल्याच्याने शिकणे होणार नाही असे तिच्या मनाने घेतले होते. उशीर झालेल्या माणसाला बाहेरची अडचण दूर झाली तरी पाऊल उचलवत नाही, ते असे.

तिला या अवस्थेतून बाहेर काढले ते एका लहानशा प्रयोगशाळेने. तिचा नात्यातला एक भाऊ, युझेफ बोगुस्की, हा रशियात मेंडेलीव्ह यांच्या हाताखाली काम करून आला होता व वॉर्सातील उद्योग आणि शेती संग्रहालयाची व्यवस्था पाहत होता. संग्रहालय या नावाआडून तेथे पोलिश तरुणांना विज्ञान शिकविले जाई. मान्या संध्याकाळी आणि रविवारी तेथे जाऊ लागली. पुस्तकात वाचलेले प्रयोग तिने प्रथमच स्वतःच्या हातांनी करून पाहिले. काही साधत, काही फसत. पण आपल्याला हेच करायचे आहे याविषयी तिच्या मनात संशय राहिला नाही. १८९१ च्या सप्टेंबरमध्ये काझिमिएझशी शेवटची भेट होऊन तो धागाही तुटला, आणि तिने ब्रोन्याला आपण येत असल्याचे कळविले.

तो प्रवासही ऐकण्यासारखा आहे. जर्मनीतून जाताना तिने चौथ्या वर्गाचे तिकीट काढले. त्या डब्यात बसायला बाकेही नसत. म्हणून तिने घडीची खुर्ची, खाण्याचे जिन्नस आणि अंथरूणपांघरूण बरोबर घेतले होते. १८९१ च्या नोव्हेंबरात सॉर्बॉनच्या विज्ञान शाखेत तिचे नाव नोंदले गेले. मान्याची आता मारी झाली. वयाला चोवीस वर्षे पूर्ण होत होती. पुढे ज्यांच्याशी तिचा विवाह झाला त्या प्येर क्यूरींनी तेथलीच विज्ञानाची पदवी अठराव्या वर्षी घेतली होती. यावरून तिला झालेल्या उशिराचे माप कळेल.

वर्गात बसू लागल्यावर दोन गोष्टी तिच्या ध्यानी आल्या. आपल्याला फ्रेंच येते असे ती समजत होती. पण भराभर बोलणाऱ्या प्राध्यापकांची वाक्येच्या वाक्ये निसटू लागली. गणिताची आणि पदार्थविज्ञानाची आपली तयारी पुरेशी आहे असेही तिला वाटत होते. पण फ्रान्समधील शाळांतून रीतसर शिकून आलेल्या मुलांच्या तुलनेने तिच्यात ठिकठिकाणी खिंडारे होती. पत्रोपत्री शिकलेले गणित आणि वर्गात क्रमाने शिकलेले गणित यांतला हा फरक होता. आपल्याकडे खेड्यातील मराठी शाळेतून येऊन इंग्रजीतून विज्ञान शिकू लागलेल्या मुलाला हा अनुभव वेगळा सांगावा लागणार नाही.

मारीने यावर उपाय केला तो साधाच होता. जे येत नव्हते ते तिने बसून पुरे केले. त्यासाठी आधी वेळ हवा होता. ब्रोन्याचे घर लांब. घोड्यांच्या बसने विद्यापीठात पोहोचायला तास लागे, शिवाय घरी पोलिश मंडळींची बैठक जमलेली. काही महिन्यांनी तिने विद्यापीठाजवळ माळ्यावरची एक खोली भाड्याने घेतली. शेगडीचे कोळसे आणि पाणी जिने चढून स्वतः न्यायचे. हिवाळ्यात रात्री तांब्यातले पाणी गोठे, आणि ऊब यावी म्हणून ती अंगावर असतील नसतील तेवढे कपडे घालून झोपे. संध्याकाळी वाचनालयात दिव्याची व उबेची सोय फुकट होती, म्हणून ते बंद होईपर्यंत ती तेथेच बसे. एकदा ती उपासमारीने चक्कर येऊन पडली व डॉक्टर मेहुण्यांनी तिला घरी नेऊन खाऊपिऊ घातले, अशी हकीकत तिच्या धाकट्या मुलीने लिहिलेल्या चरित्रात आहे. ही उपासमार अनुकरण करण्याजोगी मुळीच नव्हे. तीत पराक्रम थोडा आणि नाइलाज फार होता.

लिपमन, अपेल, प्वांकारे यांसारखे गुरू लाभले आणि १८९३ च्या जुलैमध्ये निकाल लागला. पदार्थविज्ञानाच्या पदवी परीक्षेत मारी स्क्लोडोव्स्का पहिली आली. दोन वर्षांपूर्वी जिला प्राध्यापकांचे बोलणे नीट समजत नव्हते ती! एवढ्यावर थांबले असते तरी चालण्याजोगे होते. पण गणिताचा पाया कच्चा ठेवून पुढे जाणे तिला पसंत नव्हते. पैसा मात्र संपला होता. अशा वेळी परदेशी शिकणाऱ्या गुणी पोलिश विद्यार्थ्यांसाठी असलेली सहाशे रुबलांची शिष्यवृत्ती तिला मिळाली, आणि १८९४ मध्ये तिने गणिताचीही पदवी घेतली, दुसऱ्या क्रमांकाने. पुढे स्वतःची कमाई सुरू होताच तिने शिष्यवृत्तीची सारी रक्कम परत केली. अशी परतफेड कोणी मागितली नव्हती, कोणी अपेक्षिलीही नव्हती. परंतु ते पैसे आपल्याजवळ अडकून राहिले तर आपल्यासारखीच दुसरी एखादी मुलगी खोळंबून राहील, असा तिचा हिशेब होता.

यापुढचे चरित्र सर्वांस परिचित आहे. १८९५ मध्ये प्येर क्यूरींशी विवाह झाला. १८९८ मध्ये दोघांनी पोलोनियम आणि रेडियम या दोन मूलद्रव्यांचा शोध जाहीर केला. पहिल्याला मादाम क्यूरींनी नकाशावर नसलेल्या आपल्या देशाचे नाव दिले. गळक्या छपराच्या पडवीत टनावारी खनिजाचा गाळ उकळून, १९०२ पर्यंत त्यांनी रेडियमचे जेमतेम एक दशांश ग्रॅम शुद्ध क्लोराइड वेगळे केले. १९०३ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी पती व बेकरेल यांच्यासमवेत पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिकही. १९०६ मध्ये प्येर अपघातात गेले. त्यांच्या जागी सॉर्बॉनमध्ये शिकविण्यास मादाम क्यूरी उभ्या राहिल्या, आणि १९११ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना एकटीला मिळाले. ४ जुलै १९३४ रोजी रक्तक्षयाच्या विकाराने त्यांचे निधन झाले.

या चरित्राचे तात्पर्य जिद्द या एका शब्दात सांगून मोकळे होण्याचा मोह होतो. जिद्द होतीच. पण पत्रातून गणिते तपासणारे वडील नसते, दिलेला शब्द पाळणारी बहीण नसती, रविवारी प्रयोगशाळेचे दार उघडे ठेवणारा भाऊ नसता आणि ती सहाशे रुबलांची शिष्यवृत्ती नसती, तर ही जिद्द श्चुकीच्या बिटांच्या शेतात विरून गेली असती. तशा किती विरून गेल्या असतील, त्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही. गेलेली वर्षे एकट्याने भरून काढता येत नाहीत; कोणीतरी हात द्यावा लागतो. मादाम क्यूरींचे मोठेपण असे की, त्या हाताला त्यांनी दान मानले नाही, कर्ज मानले.

१९३२ साली स्वतंत्र पोलंडच्या राजधानीत, त्याच वॉर्सात, रेडियम संस्थेचे उद्घाटन झाले. कर्करोगाच्या रुग्णांवर तेथे उपचार होणार होते. त्यासाठी लागणारे एक ग्रॅम रेडियम अमेरिकेतील लोकांच्या देणगीतून मादाम क्यूरींनी मिळवून आणले होते. समारंभाला त्या स्वतः हजर होत्या, आणि संस्थेची सूत्रे ज्या डॉक्टरीणबाईंच्या हाती होती त्यांचे नाव होते ब्रोन्या.