खाणीतील हवेचा अभ्यासक : जॉन स्कॉट हॉल्डेन

कोळशाच्या खाणीत स्फोट झाला म्हणजे माणसे कशाने मरतात, असे कोणी विचारले तर आपण म्हणाल, आगीने किंवा छत कोसळून. सव्वाशे वर्षांपूर्वी पुष्कळांचा असाच समज होता. तो खोटा ठरविणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव जॉन स्कॉट हॉल्डेन.

हॉल्डेन यांचा जन्म १८६० साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. १८८४ मध्ये त्यांनी तेथेच वैद्यकाची पदवी घेतली. दवाखाना थाटून सुखाने राहणे त्यांना अवघड नव्हते. परंतु माणूस श्वासावाटे काय घेतो, या प्रश्नाने त्यांना पछाडले. डंडी शहरातील गरिबांच्या कोंदट घरांतील आणि शाळांतील हवा त्यांनी तपासली. पुढे ऑक्सफर्ड ही त्यांची कर्मभूमी झाली.

कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी त्याला धरून ठेवते. हॉल्डेन यांनी हा वायू स्वतः हुंगला, पाय लटपटेपर्यंत हुंगला आणि स्वतःचे रक्त काढून तपासले. दुसऱ्याच्या जिवावर प्रयोग करण्याआधी स्वतःवर करावा, ही त्यांची रीत होती.

जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधील टायलर्सटाउन येथील खाणीत स्फोट होऊन ५७ जण दगावले. हॉल्डेन तेथे गेले. मृतदेह तपासल्यावर त्यांना दिसले की, बहुतेकांचा बळी स्फोटाने नव्हे, तर त्यानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने घेतला होता.

खाणकामगारांपाशी डेव्हीचा सुरक्षा-दिवा होता. मिथेन असला की त्याच्या ज्योतीवर निळसर टोपी दिसे. ऑक्सिजन घटला की ज्योत मंदावे. परंतु घातक प्रमाणातील कार्बन मोनॉक्साइड असतानाही दिवा शांतपणे जळत राही. म्हणून हॉल्डेन यांनी उंदीर किंवा लहान पक्षी सोबत नेण्याचा सल्ला दिला. त्यांचा श्वास जलद असल्याने विषाची बाधा त्यांना माणसाच्या आधी होते. पिंजऱ्यातील कॅनरी ब्रिटनच्या खाणींत १९८० च्या दशकापर्यंत टिकली.

आपल्या मुलालाही ते खाणीत नेत. एकदा मिथेन साचलेल्या जागी त्यांनी त्याला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातील भाषण म्हणावयास लावले. थोड्याच वेळात मुलाचे पाय गळाले. खाली पडताच त्याला बरे वाटू लागले. मिथेन हलका असल्याने वर छताशी साचतो, हा धडा त्याच्या मनावर कायमचा कोरला गेला. हाच मुलगा पुढे जे. बी. एस. हॉल्डेन या नावाने प्रसिद्ध झाला. तो १९५७ मध्ये भारतात आला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तला.

आज बंद पडलेल्या खाणीची पाहणी करणाऱ्या पथकाला वायुमापक यंत्र निवडावे लागते. नेहमीचे यंत्र ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजते. परंतु जुन्या खाणींत साचणारी गुदमरविणारी हवा म्हणजे मुख्यतः नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड, हे हॉल्डेन यांनीच दाखविले होते. कार्बन डायऑक्साइड मोजण्याची सोय यंत्रात वेगळी मागून घ्यावी लागते. शिवाय ज्वलनशील वायू जाळून मोजणारे यंत्र ऑक्सिजन कमी असल्यास प्रमाण कमी दाखविते आणि खोटा दिलासा देते. अशा जागी अवरक्त किरणांनी मोजणारे यंत्र बरे. यंत्र कोणतेही असो, माहीत असलेल्या प्रमाणाचा वायू देऊन ते आधी पारखावे लागते.

वाचकहो, खाण आपल्यापासून दूर असेल. विहीर दूर नाही. आत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत ऑक्सिजन आहे की नाही एवढेच सांगते. आत डिझेल इंजिन चालले असेल, तर त्याच्या विषारी धुराबद्दल कंदील काहीच सांगत नाही. एकाला वाचविण्यास दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा, आणि एकाच घरातील माणसे जातात. म्हणून यंत्राने हवा पारखल्याशिवाय, वर दोर धरणारे माणूस असल्याशिवाय कोणीही आत उतरू नये.

हॉल्डेन १९३६ साली निवर्तले. आपले साधन काय सांगते, याबरोबरच ते काय सांगत नाही हेही जाणून घ्यावे, हीच त्यांच्या आयुष्याची शिकवण होय.