स्वतःच्या हातचे वस्त्र

महात्मा गांधींचे चित्र काढायला सांगितले तर शाळेतले लहान मूलसुद्धा गोल चष्मा, काठी आणि पंचा काढते. तो पंचा आपल्या इतका परिचयाचा झाला आहे की तो अंगावर यायला त्यांच्या आयुष्याची तेहेतीस वर्षे लागली, हे आपल्या लक्षातही येत नाही.

सन १८८८ च्या सप्टेंबर अखेरीस तरुण मोहनदास इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या अंगावर पांढऱ्या फ्लॅनेलचे कपडे होते. हवा थंडीची, आजूबाजूचे सगळे गडद रंगाच्या कपड्यांत, आणि पांढऱ्यात हे एकटेच! ती लाज त्यांच्या मनात राहिली. मग त्यांनी १९ शिलिंगांची उंच हॅट घेतली. बाँड स्ट्रीटवर १० पौंड मोजून संध्याकाळचा सूट शिवून घेतला. थोरल्या भावाकडून घड्याळासाठी सोन्याची दुपदरी साखळी मागवली. रोज आरशासमोर उभे राहून टाय बांधण्यात आणि भांग पाडण्यात वेळ जाऊ लागला. हे वेड काही महिन्यांत उतरले आणि पै-पैचा हिशोब ठेवणे सुरू झाले, तरी पुढे कित्येक वर्षे कपडे शिंप्याचे आणि धुलाई परिटाची असेच चालू राहिले.

बदलाची सुरुवात दक्षिण आफ्रिकेत झाली, तीही अगदी साध्या कारणाने. परिटाचे बिल फार येई आणि कपडे वेळेवर मिळत नसत. रोज नवी कॉलर आणि एक दिवसाआड नवा सदरा घालणाऱ्या बॅरिस्टरला दोन-तीन डझन कपडेही पुरत नसत. गांधीजींनी धुलाईवरचे पुस्तक आणले, कला शिकून घेतली आणि कस्तुरबांनाही शिकवली. पहिल्या कॉलरला खळ जास्त झाली, इस्त्री पुरेशी तापली नव्हती, आणि कापड जळेल या भीतीने त्यांनी ती दाबूनही फिरवली नाही. तशीच कॉलर घालून ते कोर्टात गेले. कॉलर ताठ राहिली, पण वाळलेली खळ सारखी गळत होती! बरोबरचे बॅरिस्टर हसले. गांधीजींनी त्यांना सरळ हिशोब सांगितला : कॉलर धुवायला जवळजवळ कॉलरच्या किमतीइतकेच पैसे पडतात, आणि वर परिटावर कायमचे अवलंबून राहावे लागते ते वेगळेच.

मी वाणिज्य शाखेत शिकते, त्यामुळे या हिशोबाचा पहिला भाग मला लगेच पटला. दुसऱ्या भागाला मात्र आमच्या खतावणीत रकानाच नाही. गांधीजींचे पुढचे सारे आयुष्य त्या दुसऱ्या भागाभोवती फिरलेले दिसते.

आपण मराठी वाचकांनी आठवणीत ठेवावा असा एक प्रसंग १९१२ सालचा आहे. नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेत आले होते. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना भेट दिलेले एक उपरणे ते फार जपत आणि खास प्रसंगीच वापरत. जोहान्सबर्गच्या मेजवानीला निघायच्या वेळी ते चुरगळलेले निघाले, आणि बाहेर इस्त्रीला देण्याइतका वेळ नव्हता. गांधीजींनी आपण इस्त्री करून देतो म्हटल्यावर गोखले कचरले. यांच्या वकिलीवर त्यांचा विश्वास होता, परीटकामावर नव्हता. शेवटी उपरणे गांधीजींच्या हाती आले, इस्त्री नीट झाली आणि गोखल्यांनी शाबासकी दिली. ती मिळाल्यावर जगाने दिली नाही तरी चालेल, असे गांधीजींना वाटले.

तोवर धुण्यापासून सुरू झालेली गोष्ट शिवण्यापर्यंत आली होती. १९१० साली जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म सुरू झाले. त्यांचे मित्र हर्मन कॅलनबाख यांनी आपली ११०० एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांना राहायला दिली होती. तेथे पुरुष जाड निळ्या कापडाचे पाटलोण-सदरे घालत. कैद्यांच्या कपड्यांवरून घेतलेला हा मजुरांचा वेश होता. शिवणकामाचे खाते स्त्रियांनी सांभाळले, कारण त्यांच्यापैकी बहुतेकींचा हात शिवणात चांगला बसलेला होता. कॅलनबाख ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात जाऊन चपला करायला शिकून आले, त्यांच्याकडून गांधीजी शिकले, आणि त्यांच्याकडून इतर. सुतारकामही तिथेच शिकले गेले.

गांधीजी यंत्रांच्या विरुद्ध होते, असे आपण सहज म्हणून टाकतो. पण १९२४ मधल्या एका संभाषणात त्यांनी शिवणयंत्राला मुद्दाम अपवाद केला होता. बायकोला हाताने टाके घालताना होणारा त्रास सिंगरला पाहवला नाही आणि तिच्यावरील प्रेमातून हे यंत्र जन्मले, अशी कथा ते सांगत. माणसाचे कष्ट हलके करणाऱ्या यंत्राशी त्यांचे भांडण नव्हते.

१९१५ मध्ये भारतात परतले तेव्हा अंगात काठेवाडी अंगरखा, डोक्याला फेटा आणि धोतर होते. कापड मात्र गिरणीचे. त्याच वर्षी अहमदाबादजवळ कोचरब येथे आश्रम सुरू झाला आणि आपल्यापुरते कापड आपणच विणायचे असे ठरले. गंमत अशी की आश्रमात कारागीर एकही नव्हता. सगळे नोकरी-व्यापारातले! खुद्द गांधीजींनी तोवर चरखा पाहिलेलाही नव्हता. पालनपूरहून एक विणकर आणला, पण तो आपली सगळी विद्या देईना. मगनलाल गांधी हाताचे हुशार, त्यांनी ती हळूहळू आत्मसात केली. माग सुरू झाला खरा, पण सूत अजून गिरणीचेच येत होते.

हातसुताची गरज किती खोल आहे ते १९१७ मध्ये चंपारणात दिसले. भितिहरवा गावाजवळच्या एका लहान खेड्यातल्या काही स्त्रियांचे कपडे फार मळके असत. त्या धूत का नाहीत, हे गांधीजींनी कस्तुरबांना विचारायला सांगितले. एका बाईने कस्तुरबांना आपल्या झोपडीत नेले. आत पेटी नव्हती, कपाट नव्हते. अंगावर होते तेवढेच एक लुगडे. ते धुवायचे तर नेसायचे काय? महात्माजींना सांगून दुसरे मिळवून द्या, मग रोज अंघोळ करून स्वच्छ नेसेन, एवढीच तिची विनंती होती.

त्याच वर्षी भडोच येथे त्यांना गंगाबेन मजमुदार भेटल्या. या धाडसी विधवा बाई घोड्यावरूनही फिरत. बरीच शोधाशोध करून त्यांनी बडोदे संस्थानातल्या विजापूर गावी चरखे शोधून काढले. ते माळ्यावर अडगळीत पडले होते. पेळू मिळाले आणि सूत कोणी विकत घेतले तर बायका कातायला तयार होत्या. पहिले पेळू उमर सोबानी यांनी आपल्या गिरणीतून पुरवले. पण पेळूही गिरणीचे कशाला, असे गांधीजींना वाटले. मग गंगाबेननी महिना ३५ रुपयांवर पिंजारी ठेवला. मुंबईत आजारपणात गांधीजींच्या खोलीतही चरखा फिरू लागला. तिथे सूत शिकणाऱ्यांत अवंतिकाबाई गोखले होत्या. त्यांनीच १९१८ मध्ये गांधीजींचे मराठी चरित्र लिहिले होते.

आश्रमात तयार झालेल्या पहिल्या खादीचा खर्च वाराला १७ आणे पडला. कापड जाडेभरडे, पन्हा जेमतेम ३० इंच. कोणत्याही दुकानदाराने कपाळाला हात लावला असता. गांधीजींनी तीच खादी त्या भावाने मित्रांना घ्यायला सांगितली आणि त्यांनी घेतली. गंगाबेनना त्यांनी बजावले की महिन्याभरात ४५ इंच पन्ह्याचे धोतर मिळाले नाही, तर हे आखूड धोतरच नेसेन. गंगाबेन हादरल्या, पण महिना संपायच्या आत त्यांनी धोतरजोडी पाठवली.

पुढे चळवळ देशभर पसरली आणि अवघड प्रश्न आला. विदेशी कापड टाका म्हणायचे, पण खादी महाग, गरिबाने करायचे काय? उत्तर म्हणून २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत त्यांनी सदरा-टोपी सोडून पंचा नेसला. महिनाभरासाठी केलेला हा नेम पुढे जन्मभर टिकला. १९३१ मध्ये ते लँकेशायरच्या डार्वेन गावीही याच वेशात गेले. बहिष्काराची झळ सोसलेले गिरणी कामगार त्यांना तेथे प्रेमाने भेटले. कापडाच्या दुसऱ्या टोकालाही माणसेच आहेत, हे त्यांनी स्वतः जाऊन पाहिले.

२२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्र. पुण्याच्या आगाखान महालात, कैदेतच, कस्तुरबांनी देह ठेवला. त्यांना अखेरचे नेसवलेले लुगडे गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचे होते. चिता शांत होईपर्यंत, कोणी कितीही विनवले तरी, ते तिथून हलले नाहीत.