सुरतेचे रसायनशास्त्रज्ञ : प्रा. त्रिभुवनदास गज्जर

विज्ञानाच्या पुस्तकात ‘शुद्ध पदार्थ व मिश्रण’ हा धडा आला की तुम्ही व्याख्या पाठ करता. त्या धड्यावर आयुष्य उभे करणारा एक माणूस आपल्या सुरतेत 1863 साली सुतार कुटुंबात जन्मला. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे त्यांचे नाव.

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते बडोद्याला रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने 1890 मध्ये तेथे कलाभवन निघाले, त्याचे मुख्य शिल्पकार गज्जरच. दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी. कारागिरांच्या मुलांना शास्त्र मातृभाषेतूनच कळेल, हा गज्जरांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी पाठ्यपुस्तके करवून घेतली, परिभाषाकोशाचे कामही हाती घेतले. हे काम किती अवघड, ते सुरतेतल्या मराठी मुलांना वेगळे सांगायला नको. मराठीत ‘अणू’ म्हणजे मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण आणि अणू जुळून होतो तो ‘रेणू’. गुजराती पुस्तकात पहिल्याला ‘परमाणु’ म्हणतात आणि दुसऱ्याला चक्क ‘अणु’!

कलाभवनात रंगकामाला मोठे स्थान होते. रंग देणाऱ्या मुळांत अनेक रंगद्रव्ये मिसळलेली असतात, म्हणून दर खेपेला छटा बदलते. दगडी कोळशाच्या डांबरापासून बनवलेल्या ॲलिझरिनचे मात्र तसे नाही. त्याच्या प्रत्येक रेणूत कार्बनचे 14, हायड्रोजनचे 8 आणि ऑक्सिजनचे 4 अणू असतात, मग तो जर्मनीत बनलेला असो की मुळातून काढलेला. डाल्टनने 1808 मध्ये मांडलेला अणुसिद्धान्त रंगाऱ्याच्या कढईत असा उतरतो.

गज्जर 1896 मध्ये बडोदे सोडून मुंबईला गेले आणि विल्सन कॉलेजात शिकवू लागले. त्याच वर्षी दामोदर चापेकरांनी परकीय सत्तेच्या निषेधार्थ व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले होते. ते काही केल्या निघेना. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लावावे तर दगडच विरघळणार. डांबर हे तर शेकडो संयुगांचे मिश्रण. दगडाला धक्का न लावता गज्जरांनी तो डाग काढला आणि त्यांचे नाव सर्वत्र झाले. देशभक्ताने लावलेले डांबर त्यांनी पुसले, हे काहींना आजही खटकेल. आम्हाला वाटते, त्यांच्यापुढे होता तो रसायनशास्त्राचा प्रश्न.

मोतीही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचाच. पिवळट पडलेले मोती पांढरे करण्याची कृती त्यांनी शोधली आणि त्यातून भरपूर पैसा मिळवला. गिरगावात स्वतःची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढून त्यांनी विद्यार्थी तयार केले. त्यांचे मराठी शिष्य कोटीभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी उभारलेला अलेंबिक कारखाना 1907 मध्ये कंपनी झाला. गज्जर 1920 साली वारले. अलेंबिकचे नाव बडोद्यात आजही आहे.