आधी प्रश्न, मग मोजपट्टी!

प्रोजेक्टचा विषय नीट ठरायच्या आधीच तुम्ही गुगल फॉर्म बनवून मोकळे होता ना? मग इरावती कर्वेंना भेटाच. ‘युगान्त’वाल्या म्हणून त्या ठाऊक असतील, पण त्या मुळात समाजाच्या अभ्यासक.

पीएचडीसाठी त्या बर्लिनला गेल्या. गाइड ऑयगेन फिशर. गोऱ्यांच्या कवट्यांची ठेवण वेगळी असते, हे त्यांचं मत. पद्धतही ठरलेली : कवट्या मोजा. इरावतीबाईंनी इमानदारीत मोजल्या आणि वंशानुसार तसा फरक दिसत नाही, असं लिहून टाकलं. तेही गाइडच्याच हाती पदवी असताना!

पुढे पुण्यात, डेक्कन कॉलेजात असताना प्रश्न बदलले, तशा पद्धतीही बदलल्या. नातीगोती समजून घ्यायला प्रांतोप्रांती फिरून नात्यांचे शब्द गोळा केले, जुने ग्रंथ चाळले. १९५३मध्ये त्यावर पुस्तक आलं. वारी कळावी म्हणून त्या वारकऱ्यांसोबत पायी चालल्या. कोयना धरणाने उठवलेल्या कुटुंबांचं काय झालं, हे बघायला मात्र पाहणी केली.

वेळ, पैसा, गाइडची आवड यांवरही पद्धत ठरते, हे तुम्हालाही माहितेय. तरी फॉर्म उघडण्याआधी एकदा स्वतःला विचारा : मला नेमकं काय शोधायचंय?