वाल्देमार हाफकिन

मुंबईंत परळ येथें हाफकिन संस्था आहे. ज्या पुरुषाचें नांव तिला दिलें आहे, त्याचें चरित्र मात्र थोड्यांसच ठाऊक असेल.

हाफकिन ह्यांचा जन्म इ. स. १८६० मध्यें काळ्या समुद्राच्या कांठीं ओदेसा शहरीं एका यहूदी कुटुंबांत झाला. प्राणिशास्त्राचें अध्ययन करून ते पुढें पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत गेले. तेथें त्यांनीं पटकीची लस तयार केली व इ. स. १८९२ च्या जुलै महिन्यांत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढील वर्षीं ते हिंदुस्थानांत आले.

इ. स. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग उद्भवला, तेव्हां सरकारनें त्यांस तेथें बोलाविलें. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांनीं प्लेगाचे जंतू पोषक रसांत वाढविले व उष्णता देऊन मारले. हीच त्यांची लस. मेलेला जंतू रोग उत्पन्न करूं शकत नाहीं; परंतु शरीर त्यास शत्रु समजून त्याच्याशीं झुंजणारीं द्रव्यें निर्माण करितें, व ती ओळख शरीरांत राहते. रखवालदारानें चोराचा चेहरा आधींच पाहून ठेवावा, तसें हें होय. मागाहून जिवंत जंतू शिरला, तर शरीर गाफील सांपडत नाहीं. ता. १० जानेवारी १८९७ रोजीं ही लसही त्यांनीं प्रथम स्वतःस टोचून घेतली, ताप सोसला, आणि मगच ती इतरांस दिली.

इ. स. १९०२ मध्यें मोठें संकट आलें. पंजाबांतील मलकोवाल गांवीं लस घेतलेलीं १९ माणसें धनुर्वातानें मेलीं. दोष हाफकिन ह्यांच्या प्रयोगशाळेवर आला, व त्यांस अधिकार सोडावा लागला. परंतु त्या सर्वांस एकाच बाटलींतील लस टोचलेली होती. त्याच दिवशीं इतर बाटल्यांतील लस घेतलेल्यांस तो रोग झाला नाहीं. इ. स. १९०७ मध्यें रोनाल्ड रॉस व इतर विद्वानांनीं त्यांची बाजू जाहीरपणें मांडली, आणि त्यांच्यावरील ठपका दूर झाला.

इ. स. १९२५ मध्यें परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें. इ. स. १९३० मध्यें स्वित्झर्लंडांतील लोझान येथें त्यांचा अंत झाला.

वाचकहो, ह्या चरित्रांत दुहेरी बोध आहे. गांवीं लस टोचावयास येतील, तेव्हां सुई व बाटली स्वच्छ आहे कीं नाहीं, हें अवश्य विचारावें. परंतु एका बिघडलेल्या बाटलीच्या भयानें मुलांस लसीवांचून ठेवूं नये.